वयोमानाने वाढतोच!

परवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एका मित्राने खिशातून रिपोर्ट काढला. "माझं जैविक वय ६२ आलंय!" गृहस्थ ७४ चे. स्वारी भलतीच खूश. मी रक्तदाब विचारला. १७०/७०. "खालचा छान आहे की! आणि वरचा काय, वयोमानाने वाढतोच."

या 'वयोमानाने' शब्दावर माझा राग आहे.

गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. पेशी विभागत जातात तशी ही टोके आखूड होतात. त्यावरील संशोधनाला २००९ चे नोबेल मिळाले. आखूड टोके असणाऱ्यांत हृदयविकार अधिक आढळतो, हेही खरे. पण हजारोंच्या सरासरीत दिसलेली गोष्ट एकट्याचे भविष्य कशी सांगणार? शाळेच्या निकालाच्या टक्केवारीवरून बंड्याचे गुण कळतात का?

म्हातारपणाची साधी खूण तर दंडावरच्या पट्ट्यात आहे. उतारवयात महारोहिणी ताठर होते, म्हणून वरचा दाब चढतो नि खालचा उतरू लागतो. मित्राच्या दोन आकड्यांमधले ते शंभराचे अंतर हेच सांगत होते. आणि यावर उपाय आहे! १९९१ च्या अमेरिकेतील 'शेप' चाचणीत साठीपुढच्या अशाच रुग्णांना औषधे दिली, तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. हृदय निकामी होणेही कमी झाले.

तरीही आपण हजारो रुपये मोजून कौतुक विकत घेणार आणि रोजची गोळी टाळणार!

हे ऐकून मित्र रुसला. रुसू दे. सोमवारी मी त्याला डॉक्टरांकडे नेणार आहे.