उशीर नक्की किती?
मंडळी, एका फेम्टोसेकंदात प्रकाश जेमतेम ०.३ मायक्रॉन सरकतो. साध्या लेझरने रेणूला डिवचायचं आणि क्ष-किरणांच्या स्पंदाने त्याचा फोटो काढायचा, तर दोघांमधलं अंतर चोख हवं. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत २००९ साली क्ष-किरण लेझर सुरू झाला, तेव्हा हे अंतर शंभरेक फेम्टोसेकंदांनी मागेपुढे व्हायचं. तेवढ्यात बंध तुटूनही जातो की हो! मग प्रत्येक स्पंद कधी आला ते मोजून फोटो नंतर क्रमाने लावायची युक्ती निघाली. २०१३ पर्यंत चूक दहाएक फेम्टोसेकंदांवर आली. कुणाला ही पळवाट वाटेल. मला तर घड्याळं जुळवत बसण्यापेक्षा (तेही हवंच म्हणा) हे जास्त प्रामाणिक वाटतं. सेकंदाला १२० स्पंद, आणि प्रत्येकाच्या उशिराची वेगळी नोंद!