फक्कीची रेघ

तानसाकडच्या आमच्या कबड्डीच्या मैदानाला मुंबईकर पाहुणे ‘जुनाट’ म्हणतात. म्हणोत बापडे! 2014 साली प्रो कबड्डी आली, तेव्हापासून त्यांना मॅटशिवाय खेळ दिसतच नाही. अहो, इथं बांबूला रेलून उभं राहिलं की चढाईवाल्याचा दम थेट कानात घुमतो. फक्कीची रेघ पुसली गेली की पंचांच्या आधी आम्ही भांडतो. गादीच्या खुर्चीत आहे ही सोय? धूळ उडते, कबूल. पण तानसाचं पाणी 1892 पासून तुमच्याच नळाला येतंय, आम्ही शिंपडायचं काय? मॅट जरूर द्या, पोरांना पुढं त्यावरच खेळायचंय. पण खुर्च्या मांडायला आम्हाला पन्नास फूट मागं रेटाल, तर बांबू आम्ही सोडणार नाही!