पोर नापास, की कॉलेज नापास?

बंधूंनो, हिंगोली जिल्ह्यात सेनगाव-कळमनुरीकडील कुणब्याचा वा सुताराचा मुलगा खाजगी कॉलेजात नापास झाला, की "याच्या डोक्यातच नाही," असे म्हणणारे शहाणे पुष्कळ निघतात. आम्ही त्यांस विचारतो, डोके मोजण्याआधी बाकीचा हिशेब पाहिलात काय? सोयाबीनची काढणी आणि पहिल्या सत्राचा अभ्यास एकदमच गळ्यात पडतात. पोर रानात, वही घरात. एस.टी. चुकली की पहिला तास बुडाला. कित्येक ठिकाणी शिकविणारा तासावारी मोलाचा; तो पुढच्या वर्षी राहील याचा भरवसा नाही. फी मात्र पुरती हवी!

राजर्षी शाहूंनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. गरिबाच्या पोरास अक्कल असते, उणी पडते ती राहण्याची जागा व पोटाची भाकरी, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून फी भरण्यापूर्वी संस्थाचालकांस विचारा: कायमचे प्राध्यापक किती? वसतिगृह आहे काय? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे? बियाणे उगवले नाही तर दुकानदारास जाब विचारता. मग येथेच मुकाट का?