माणूस खुर्चीत, जाहिरात रविवारी

नंदिनी नगरच्या खाणीतली चुनखडी भिलाईच्या पोलाद कारखान्यात जाते. गावातली शिकलेली पोरं त्याहून बरीच लांब जातात. अमेरिकेत स्थिरावलेल्या अशा एखाद्या इंजिनिअरची कंपनी ग्रीन कार्डासाठी ‘पर्म’ची, म्हणजे लायक स्थानिक उमेदवार मिळत नसल्याच्या प्रमाणपत्राची, तयारी करू लागली, की घरच्यांना कोडं पडतं. नोकरी तर याची चालू आहे, मग त्याच जागेची जाहिरात कशाला? कुणी जाणते काका निकाल देऊन टाकतात, ‘नाटक आहे सगळं!’

काकांचं निम्मं बरोबर आहे.

२८ मार्च २००५ पासून लागू असलेल्या पर्मच्या नियमांनुसार पदवीधराच्या जागेसाठी कंपनीला दोन रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, राज्याच्या रोजगार खात्याकडे ३० दिवस जागा नोंदवावी लागते, कचेरीत सूचना लावावी लागते. शिवाय वेबसाइट, जॉब फेअर अशा दहा मार्गांपैकी तीन वापरावे लागतात. लायक अमेरिकी उमेदवाराला कामाशी संबंध नसलेल्या कारणावरून नाकारता येत नाही.

हे सगळं निरर्थक असतं, तर फेसबुकला खिशात हात घालावा लागला नसता. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी न्याय खात्याने आरोप ठेवला, की कंपनीने २,६०० हून अधिक जागा परदेशी कर्मचाऱ्यांसाठी राखल्या, त्या आपल्या वेबसाइटवर टाकल्याच नाहीत आणि अर्ज मागवले ते टपालाने. फेसबुकच्या नोकरीसाठी पाकीट, तिकीट आणि पोस्टाची पेटी! यांतल्या ९९.७ टक्के जागांना अमेरिकी उमेदवाराचा एखादाच अर्ज आला किंवा एकही नाही. तशाच जागा वेबसाइटवर झळकल्या की शंभरावर अर्ज येत. ऑक्टोबर २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतची तडजोड झाली. तशाच आरोपांवर नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲपलने अडीच कोटी डॉलर मान्य केले. तेव्हा अर्ज येत नाहीत म्हणून नियम फोल, हा युक्तिवाद टिकत नाही. जाहिरात कुणाच्या नजरेस पडू नये अशा बेताने दिली, तर अर्ज येणार कुठून?

दुसऱ्या टोकाला ‘आमच्या नोकऱ्या पळवल्या’ म्हणणारे अमेरिकी. नियम आणखी आवळा, म्हणजे स्थानिकाला काम मिळेल, असा त्यांचा हिशेब. तोही चुकीचा. लायक स्थानिक सापडला, तरी त्याला नेमण्याचं बंधन पर्म घालत नाही. फक्त परदेशी माणसाचा अर्ज अडतो. तो एच-वन-बी या कामाच्या व्हिसाची मुदत असेपर्यंत त्याच खुर्चीत काम करत राहतो आणि स्थानिक उमेदवार हात हलवत परत जातो. फावतं ते मालकाचं, कारण ग्रीन कार्ड अडकलेला माणूस पगारासाठी भांडत नाही. कंपनी बदलली, तर सहसा नव्या मालकाने पर्म पुन्हा पहिल्यापासून करायचं!

जाहिरात हवीच, पण माणूस नेमण्याआधी. एच-वन-बीवर घेताना बहुतेक कंपन्यांना स्थानिक उमेदवार शोधल्याचं दाखवावं लागत नाही, आणि परदेशी माणूस कामात मुरल्यावर शोध सुरू होतो. भारताच्या १९५९ च्या रोजगार कार्यालय कायद्यात क्रम तरी सरळ होता. सरकारी आस्थापनांनी, तसंच २५ किंवा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांनी, जागा भरण्याआधी रोजगार कार्यालयाला कळवायची. नंदिनीच्या खाणकामगाराच्या मुलाने नाव नोंदवायचं ते दुर्गला. अर्थात तिथलाच उमेदवार घ्या, असं हा कायदाही म्हणत नव्हता, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये! १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलकापट्टणम प्रकरणात बजावलं, की कार्यालयाच्या यादीवर थांबू नका, वर्तमानपत्रांतून आणि रेडिओ-दूरदर्शनवरूनही जागा कळवा.

अमेरिकेने हेच करावं. एच-वन-बीच्या वेळी जागा उघडपणे जाहीर व्हावी, आणि त्या कसोटीला उतरलेल्याची ग्रीन कार्डासाठी पुन्हा परीक्षा नको. कंपन्या वेळेची सबब सांगतील. पण त्यांच्या वेबसाइटवर रोज नव्या जागा पडतच असतात. तिथे आणखी एक टाकणं टपालाची पाकिटं फोडण्यापेक्षा स्वस्तच पडेल.