तांब्याची तार कुठवर पुरेल?

दूरध्वनीसाठी टाकलेल्या तांब्याच्या तारेवरूनच वेगवान इंटरनेट मिळू लागले, तेव्हा पुष्कळांना ती जादू वाटली. भारत संचार निगमाने ही सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू केली. पुढे ती संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावीही आली. जादू अर्थातच नव्हती. बोलणे समजण्यास ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच वारंवारता पुरतात. तार मात्र याहून कितीतरी उच्च वारंवारतेचे संदेश वाहू शकते. अभियंत्यांनी सुमारे २२ लक्ष हर्ट्झपर्यंतचा हा रिकामा भाग माहितीसाठी वापरला आणि बोलणे वेगळे काढण्यासाठी घरात एक छोटी गाळणी बसविली. जुन्या वस्तूतून नवे काम काढण्याचे हे सुरेख उदाहरण होय.

परंतु या तारेला अंतर मानवत नाही. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच वाहतो. १० लक्ष हर्ट्झला तो तांब्यात जेमतेम ०.०७ मिलिमीटर खोल शिरतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेतील जवळजवळ निम्मे तांबे मग असून नसल्यासारखेच! रोध वाढतो आणि संदेश क्षीण होतो, तोही चक्रवाढीने. समजा, पहिल्या किलोमीटरनंतर दहावा हिस्सा उरला, तर दुसऱ्यानंतर शंभरावा आणि तिसऱ्यानंतर हजारावाच उरेल. म्हणून केंद्राजवळ सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत जाणारा वेग पाच किलोमीटरवर नाममात्र राहतो.

शहराला एवढे अंतर पुरते. डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांना पुरत नाही. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा मोबाईलच्या रेंजसाठी टेकडी चढणारी मुले महाराष्ट्राने पाहिली. तारेची मर्यादा निसर्गनियमाने ठरते. पण त्या मर्यादेबाहेरच्या मुलांना तसेच ठेवणे हा निसर्गनियम नव्हे.

उपाय माहीत आहे. ऑप्टिकल फायबरच्या काचेच्या तंतूत प्रकाश किलोमीटरमागे सुमारे पाच टक्केच घटतो. ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तीच आजची भारतनेट. माझ्या मते हा तंतू ग्रामपंचायतीच्या कपाटापाशी थांबता कामा नये. तो वाडीवरच्या शाळेच्या वर्गात गेला पाहिजे.

तेव्हा कोणी वेगाची जाहिरात केली, तर ‘किती मेगाबिट?’ एवढेच विचारू नका. ‘किती किलोमीटरपर्यंत?’ हेही विचारा.