विमान रद्द झाले, तर हक्क सोडू नका

नाताळ आला की आपली मुले बंगळूर, मुंबई, दिल्लीहून विमानाने बेळगावला येतात. गेल्या वर्षी माझ्या पुतणीचे विमान आदल्या रात्री रद्द झाले. कंपनीने तिकिटाचे पैसे तेवढे परत केले. भरपाईबद्दल चकार शब्द काढला नाही. घरचेही म्हणाले, "जाऊ दे, कशाला भांडायचं?" हे काही मला पटत नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम स्पष्ट आहे. २४ तास आधीसुद्धा न कळवता विमान रद्द केले, तर परतावा किंवा पर्यायी विमान मिळतेच, शिवाय भरपाईही द्यावी लागते. प्रवासाच्या वेळेनुसार तिची मर्यादा ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये. भाडे त्याहून कमी असेल तर तेवढीच रक्कम. खराब हवामान, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना मात्र भरपाई नाही. तिकीट काढताना एजंटाचा नव्हे, स्वतःचा मोबाइल नंबर द्या. संपर्काचा नंबर नीट दिलेला नसला तर कंपनी हात वर करू शकते.

आधी कंपनीला लेखी कळवा, मग 'एअरसेवा'वर तक्रार करा. तरीही दाद लागली नाही, तर दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. वकील लागतोच असे नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. तिकीट आणि विमान रद्द झाल्याचा मेसेज तेवढा जपून ठेवा.

तरुण संघाने रविवारी उपासनेनंतर वडीलधाऱ्यांना एवढे समजावून सांगितले, तरी पुष्कळ होईल.

— एक वाचक, बेळगाव