बाटलीतला चहा आणि चमच्यातली साखर

मे महिन्यातली ओपीडी होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत रांग संपत नव्हती. एक रिक्षाचालक भाऊ तपासणीला आले. वय ४६, मधुमेह सहा वर्षांपासून. तीन महिन्यांपूर्वी त्यांचं एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ८.१ आली होती. या वेळी ९.६. गोळ्या वेळेवर चालू होत्या. भात कमी केला होता, मिठाई बंद होती. बायको सोबत होती, तीही तेच सांगत होती. मला काही उलगडेना. शेवटी विचारलं, "दुपारी उन्हात तहान लागल्यावर काय पिता?"

"चहाच, साहेब. तुम्हीच म्हणाला होतात, कोल्ड्रिंक सोडा, चहा चालेल. आता या उन्हात गरम चहा कोण पिणार? थंडवाला घेतो, लिंबाचा. दिवसाला दोन बाटल्या होतात."

त्यांनी पिशवीतून अर्धी संपलेली बाटली काढून टेबलावर ठेवली. पुढच्या बाजूला चहाची हिरवीगार पानं आणि लिंबाची फोड. मागच्या बाजूला, माझ्या चष्म्यालाही जड जाईल अशा अक्षरांत, १०० मिलीलीटरमागे ८ ग्रॅम साखर. बाटली ३५० मिलीलीटरची. म्हणजे एका बाटलीत २८ ग्रॅम आणि दोन बाटल्यांत ५६ ग्रॅम. पाच ग्रॅमचा एक चमचा धरला तर हा माणूस रोज अकरा चमचे साखर पीत होता, तीही डॉक्टरांचा सल्ला पाळून.

चूक त्यांची नव्हती, माझी होती. 'चहा चालेल' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर घरचा बिनसाखरेचा चहा होता. त्यांच्यासमोर दुकानातला फ्रीज होता. शब्द एकच, पण पदार्थ दोन.

त्या आठवड्यात मी आमच्या पोरांना, म्हणजे निवासी डॉक्टरांना, एक काम सांगितलं. रुग्णालयाच्या आसपासच्या दुकानांत तयार थंड चहाच्या जेवढ्या वेगवेगळ्या बाटल्या मिळतील तेवढ्या आणा. पाच मिळाल्या: दोन लिंबाच्या, एक पीचची, एक 'मध-लिंबू ग्रीन टी' आणि एक 'झिरो शुगर'. सहावी एका इंटर्नने पुण्याहून आणली, अजिबात साखर नसलेला जपानी धाटणीचा ग्रीन टी. बाटल्यांना कागद गुंडाळून प्रयोगशाळेतल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावल्या. चहा मात्र कागदी कपांत ओतला, नमुन्याच्या डब्यांत नव्हे! चाखायला दोन निवासी डॉक्टर, वॉर्डच्या सिस्टर, लॅब टेक्निशियन, मामा आणि मावशी. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हता, पण शिकवून गेला.

पहिली फेरी फ्रीजमधून काढल्या काढल्या. पीचच्या चहाला सर्वाधिक पसंती मिळाली, त्याखालोखाल लिंबाच्या एकाला. "छान आहे, फार गोड नाही," असं सिस्टर म्हणाल्या. साखर नसलेल्या चहाला मामांनी 'काढा' म्हणून निकालात काढलं. दुसरी फेरी तासाभराने, त्याच बाटल्या साध्या तापमानाला आल्यावर. पीचचा तोच चहा मावशींनी एक घोट घेऊन खाली ठेवला. म्हणाल्या, "डॉक्टर, हा तर पाक आहे." शेवटी मी विचारलं, यातला ग्रीन टी कोणता आणि काळ्या चहाचा कोणता? साखर घातलेल्या चारही बाटल्यांपैकी एकीलाही कुणाला खात्रीने ओळखता आलं नाही. साखर नसलेला मात्र सगळ्यांनी 'हा चहा' म्हणून ओळखला.

यामागे शरीरशास्त्र आहे. जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या पेशींमध्ये टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी असते. ती थंडीत मंदावते आणि उबेत जोमाने काम करते. त्यामुळे तीच साखर गार पेयात कमी गोड लागते. वितळलेलं आइस्क्रीम नकोसं गोड वाटतं, तेही यामुळेच. त्यात आंबटपणा मिसळला की गोडी आणखी झाकली जाते. घरच्या लिंबू सरबतात आपण किती साखर ढवळतो ते आठवा. म्हणजे थंड, आंबट पेयात भरपूर साखर घालूनही जीभ 'फार गोड नाही' असा दाखला देते. स्वादुपिंडाला मात्र असं फसवता येत नाही. त्याच्यापर्यंत पूर्ण २८ ग्रॅम पोहोचतात, आणि तेही द्रवरूपात, भराभर. सोबत चोथा नाही, चावणं नाही, पोट भरल्याची जाणीवही फारशी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे: वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांहून कमी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. वरच्या हिशेबातली एक बाटली ही दिवसाची शिधा एका बैठकीत संपवते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणून ही बाटली हा केवळ आवडीनिवडीचा विषय राहत नाही.

आता चहाच्या गुणांकडे वळू. बाटलीवर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द दिसला की हात आपोआप खिशात जातो. चहातले पॉलिफेनॉल हे ते द्रव्य. पण तेच चवीला कडू-तुरट असतं, आणि ग्राहकाला कडू नको असतं. शिवाय कडक काळा चहा गार झाला की कॅफिन आणि ही तुरट द्रव्यं एकमेकांना चिकटून गढूळ साय धरतात. पारदर्शक बाटलीत ते वाईट दिसतं, म्हणून उत्पादकाला चहाचा अंश हात राखून वापरावा लागतो किंवा ती द्रव्यं काढावी लागतात. अमेरिकेत २०१० साली बोस्टन इथे भरलेल्या अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात शिमिंग ली या संशोधकाने तिथल्या सहा बाटलीबंद चहांची मोजणी सादर केली होती. घरी उकळलेल्या एका कपात ५० ते १५० मिलिग्रॅम पॉलिफेनॉल असतात, तर जवळपास अर्धा लीटरच्या या बाटल्यांत ८१, ४३, ४०, १३, ४ आणि ३ मिलिग्रॅम सापडले. शेवटच्या दोन बाटल्यांतून एका कपाइतकं मिळवायचं तर डझनाहून जास्त बाटल्या प्याव्या लागतील. आणि एक सांगतो, घरचा चहासुद्धा औषध नाही. तो चांगलं पेय आहे, एवढंच.

याचा पडताळा तुम्हाला लेबलवरच मिळेल. आपल्याकडच्या नियमानुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. बहुतेक गोड बाटल्यांवर पहिलं पाणी, दुसरी साखर, मग आम्लता नियंत्रक, आणि त्यांच्या आसपास किंवा पुढे कुठेतरी चहाचा अर्क. आमच्या मध-लिंबूवाल्या बाटलीत मध जवळजवळ शेपटाला होता. आयएनएस ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. २११ आणि २०२ ही टिकवण्यासाठीची द्रव्यं. यांना घाबरायचं कारण नाही. फक्त दाताचं एनॅमल साधारण ५.५ च्या खालच्या पीएचला झिजू लागतं आणि ही आंबट पेयं त्याच्या बरीच खाली असतात. त्यामुळे तासभर एकेक घोट घेत बसणं दातांना महागात पडतं.

'झिरो'चं काय? तिथे साखरेऐवजी सुक्रालोज, एसेसल्फेम किंवा स्टीव्हियासारखे गोडवा देणारे पदार्थ असतात. मधुमेहींच्या रक्तातली साखर त्यांनी लगेच वाढत नाही, म्हणून गोड बाटलीपेक्षा ती बरी. पण वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पदार्थांवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे. माझा आक्षेप साधा आहे: जिभेची गोडाची सवय तशीच राहते.

म्हणजे बाटली वाईट का? नाही. जपानमध्ये 'इतो एन' कंपनीने १९८५ मध्ये डबाबंद ग्रीन टी बाजारात आणला, आणि आज तिथल्या रस्त्यांवरच्या यंत्रांत बिनसाखरेचा चहा सर्रास मिळतो. त्यात पाणी, चहा आणि रंग-चव टिकवायला क जीवनसत्त्व, बहुधा एवढंच. तिथल्या माणसाने 'बाटलीतला चहा' म्हटलं तर त्याच्या डोळ्यांसमोर कडसर पेय येतं. आपल्याकडे त्याच शब्दाने सरबत येतं. दोष प्लास्टिकचा नाही, आत काय भरलं त्याचा आहे.

एक धोका मात्र आया-आज्यांना बजावून सांगायला हवा. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या होणाऱ्या मुलाला 'कोल्ड्रिंक नको, हे बरं' म्हणून थंड चहा पाजून आणलेलं मी पाहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे ओआरएसच्या एका लीटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि सोबत मोजून घातलेले क्षार. गोड चहाच्या लीटरमध्ये वरच्या हिशेबाने ८० ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास सहापट, आणि क्षार नाहीत म्हटले तरी चालेल. एवढी साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. अशा वेळी ओआरएसच द्यायचं. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं.

इतकं लिहून झाल्यावर आपल्या टपरीकडे पाठ फिरवणं अप्रामाणिकपणाचं होईल. अमृततुल्यच्या एका कपातही दोन चमचे साखर सहज असते. दिवसाला चार कप झाले की ४० ग्रॅम झाली. बाटलीला नावं ठेवणाऱ्याने स्वतःचा साखरेचा डबाही बघावा. फरक एवढाच की टपरीवर 'दादा, साखर कमी' म्हणता येतं. बाटलीला ते सांगता येत नाही.

म्हणूनच बाटलीने स्वतःहून सांगितलं पाहिजे, हे माझं मत. चिलीमध्ये २०१६ पासून जास्त साखरेच्या पदार्थांवर पुढच्या बाजूला काळा अष्टकोनी शिक्का असतो. तो लहान मुलालाही कळतो. आपल्याकडे २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पुढच्या बाजूला तारे देण्याचा मसुदा आणला आणि मग चर्चेचं गुऱ्हाळ सुरू झालं. तारे हे हॉटेलांना शोभतात. ज्यात कमी तारे तेही 'थोडं चांगलं' वाटतं. माझ्या रिक्षावाल्या भाऊंना तारे मोजून काय समजणार? त्यांना चमचे कळतात. पुढच्या बाजूला, चहाच्या पानांच्या चित्राएवढ्याच ठळकपणे, 'या बाटलीत साखर: साडेपाच चमचे' असं मराठीत लिहिलेलं असतं, तर माझी चूक दुकानातच दुरुस्त झाली असती. कंपन्या म्हणतील, माहिती मागे छापलेली आहेच. आहे, पण ती वाचायला चांगले डोळे, इंग्रजी आणि गुणाकार लागतो.

तोपर्यंत तीन गोष्टी करा. पहिली, १०० मिलीलीटरची साखर बघा, बाटलीच्या मिलीलीटरने गुणा, शंभराने भागा आणि मग पाचाने भागा. आले ते चमचे. दुसरी, नवी बाटली आणली की अर्धा कप बाजूला ठेवून तासाभराने कोमट झालेली चाखा. जी गोडी तेव्हा लागते ती खरी. तिसरी, थंड चहाच हवा तर घरी करा. लीटरभर पिण्याच्या पाण्यात चार चमचे चहापत्ती किंवा ग्रीन टी घालून झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी गाळा, लिंबू पिळा, पुदिना घाला आणि त्याच दिवशी संपवा. गार पाण्यात तुरट द्रव्यं आणि कॅफिन कमी उतरतात, त्यामुळे साखर नसली तरी तो कडू लागत नाही. ज्यांना मूतखड्याचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र हाही चहा बेताने घ्यावा, कारण चहात ऑक्झलेट असतं. अति तेथे माती, हे इथेही लागू आहे.

त्या भाऊंना मी हीच कृती चिठ्ठीवर लिहून दिली, औषधांच्या वर. तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.३ आलं. अजून खाली यायला हवं, गोळ्याही बदलल्या आहेत. आणि मी माझ्या ओपीडीत एक वाक्य बदललं आहे. 'चहा चालेल' असं आता म्हणत नाही. 'कोणता चहा पिता, बाटली असेल तर दाखवा' असं म्हणतो.